शोधाचा अनुशेष

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या महिला बचत गटाची ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत निवड झाली, तर फवारणीच्या ड्रोनसाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मिळतात. शेतकरी उत्पादक कंपनीला प्रात्यक्षिकांसाठी ७५ टक्के अनुदान आहे. अवजारे बँक काढणाऱ्या कृषी पदवीधराला निम्मी किंमत मिळते, कमाल ५ लाख. कृषी विद्यापीठाला आणि कृषी विज्ञान केंद्राला तर पूर्ण किंमत, कमाल १० लाख. ड्रोन दीदी योजना २०२३ ची; बाकीची सोय केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०२२ च्या जानेवारीपासून आहे.

आता समजा, याच जिल्ह्यात लेथ आणि वेल्डिंगचे वर्कशॉप चालवणाऱ्या एखाद्या माणसाच्या मनात आले की कपाशीच्या खालच्या पानांपर्यंत औषध पोचवणारी नोझलची वेगळी मांडणी आपण करून बघावी. सोबतीला अभियांत्रिकी शिकून घरी बसलेला पुतण्या आहे. सहा-आठ महिने लागतील, पाच-सात लाख खर्च होतील आणि इतके करूनही कदाचित जमणार नाही. या माणसाने कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा? बँक तारण मागेल. जिल्हा उद्योग केंद्रात यंत्रसामग्रीचे कोटेशन आणि प्रकल्प अहवाल मागतील, आणि त्या अहवालात पहिल्या वर्षापासून नफा दाखवावा लागेल. जे अजून अस्तित्वातच नाही त्याचा नफा कसा दाखवायचा?

आपल्याकडे उडणारे यंत्र विकत घ्यायला सरकारचा पैसा आहे. ते बनवून बघायला, आणि बनवताना फसायला, पैसा नाही. ड्रोन, उपग्रहाची माहिती, हवेतून होणारी मोजणी या सगळ्यांत परभणीसारखा जिल्हा कायमचा गिऱ्हाईक राहणार की कधीतरी कारागीर होणार, याचा निकाल या एका फरकावर लागणार आहे.

कुणी म्हणेल, परभणी आणि विमानविद्या यांचा संबंध काय? जिल्ह्यात विमानतळ नाही; विमान पकडायचे तर नांदेड गाठावे लागते. पण वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून डिजिटल शेतीचे एक उत्कृष्टता केंद्र उभे राहिले. यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने हाच त्या केंद्राचा विषय. म्हणजे बीज आपल्या दारात पडलेले आहे. फक्त असे प्रकल्प मुदतीचे असतात आणि विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत असतात. विद्यार्थी शिकतात, शोधनिबंध छापले जातात, प्रात्यक्षिकाला शेतकरी येतात. कुंपणाबाहेरच्या वर्कशॉपवाल्याला त्यातला रुपया मिळत नाही. तशी त्या प्रकल्पांची रचनाच नसते.

इथे संशोधनाजोगे प्रश्न खरोखर आहेत का, ते एकदा वावरात उभे राहून बघावे. सप्टेंबरातली कपाशी. झाड कमरेच्या वर गेलेले, ओळी एकमेकींत घुसलेल्या, आत शिरले की पाते आणि फुले अंगाला घासतात. तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या अंगाला, बोंडअळी तर बोंडाच्या आत. पाठीवरचा पंप घेऊन फवारणारा मजूर एकरी दीड-दोनशे लिटर पाणी वापरतो आणि त्यातले बरेचसे स्वतःच्या अंगावर घेतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते याच पिकात. म्हणून ड्रोन हवा, यात वाद नाही. ड्रोन दहा लिटरची टाकी घेऊन पिकावर दोन-तीन मीटर उंचीवरून जातो आणि एकराचे काम पाच-दहा मिनिटांत उरकतो. पण एवढे थोडे पाणी बारीक थेंबांतून वरून पडते, तेव्हा शेंड्याची पाने भिजतात आणि खाली काय पोचते याची खात्री राहत नाही. वारा सुटला तर थेंब बांधापलीकडच्या शेतात. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरते आणि तापलेली असते; थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावता येत नाही. म्हणून बॅटऱ्यांचे तीन-चार संच आणि विजेचा भरवसा नाही म्हणून जनरेटर, असे लटांबर घेऊन ड्रोन चालवणाऱ्या ताईंना बांधावर जावे लागते.

यातला एकेक प्रश्न संशोधनाचा आहे, आणि तो बंगळुरूच्या किंवा शेनझेनच्या अभियंत्याला पडणार नाही. दाट कपाशीसाठी नोझल कुठे बसवायचा, पंख्याचा झोत किती ठेवला तर पान उलटे होते, काळ्या मातीच्या चिखलात यंत्र उतरवायचे पाय कसे असावेत, सावलीत बॅटरी लवकर थंड करणारी साधी पेटी कशी करावी. यासाठी हजार कोटींचा कारखाना लागत नाही. हवाबोगद्याशिवायही पुष्कळ काही शिकता येते. लागतो तो थोडा पैसा, थोडा वेळ आणि बिघडलेल्या चार नमुन्यांची मुभा.

ही मुभा कायद्याने देता येते, हे अमेरिकेने दाखवले. १९७७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने लहान कंपन्यांना संशोधनासाठी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचा प्रयोग सुरू केला. १९८२ मध्ये रेगन यांच्या सहीने त्याचा कायदा झाला. ज्या सरकारी खात्याचे बाहेरच्या संस्थांना द्यायचे संशोधनाचे अंदाजपत्रक १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी बाजूला काढायचा. सुरुवात ०.२ टक्क्यांपासून झाली, पुढे तो हिस्सा ३.२ टक्क्यांपर्यंत चढला. नासा याच कायद्याखाली विषयांची यादी काढत आली आहे. पहिल्या टप्प्यात सहा महिने आणि सुमारे दीड लाख डॉलर: कल्पना चालेल का, एवढेच तपासायचे. जमले तर दुसऱ्या टप्प्यात दोन वर्षे आणि साडेआठ लाख डॉलरच्या आसपास: नमुना उभा करायचा. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा नाही, पण खात्याला वस्तू हवी असेल तर ते पुन्हा निविदा न काढता थेट त्या कंपनीकडून घेऊ शकते. या सगळ्यात सरकार कंपनीत भागीदारी मागत नाही आणि तिने मिळवलेले ज्ञानही तिच्याच नावावर राहते.

मला यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते ते पहिल्या टप्प्याचे लहानपण. सब्रिना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अर्जदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काठावर पास झालेल्या आणि काठावर नापास झालेल्या कंपन्यांची तुलना त्यांनी केली. दीड लाख डॉलरच्या पहिल्या टप्प्याने कंपनीला पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. दुसऱ्या टप्प्यातल्या कितीतरी मोठ्या रकमेचा तसा परिणाम जवळपास दिसला नाही. सरकारी शिक्का मिळाला म्हणून गुंतवणूकदार आले, असेही नव्हते. त्या पैशातून नमुना झाला आणि नमुना चालतो की नाही हे कळले, म्हणून आले. मोठ्या आकड्यांवर भाळणाऱ्या आपल्या राज्यकर्त्यांनी हा निष्कर्ष टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

अमेरिकेतही हे देवाचे देणे नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेर या कायद्याची मुदत संपली आणि नवी कामे देणे अडले. पण त्याआधीची चार दशके पुरावा म्हणून पुरेशी आहेत.

भारताने हे पाहिलेच नाही असे नाही. २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने जवळपास त्याच नावाची योजना लहान उद्योगांसाठी काढली. २०१२ मध्ये याच विभागाची ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन झाल्यावर नवउद्योजकाला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरसारख्या संस्थांनी ते चांगले राबवले. संरक्षण खात्याची ‘आयडेक्स’ २०१८ पासून दीड कोटीपर्यंत देते. सैन्याच्या अडचणी प्रश्न म्हणून जाहीर होतात, मात्र सोबत स्वतःचाही वाटा घालावा लागतो. अवकाश क्षेत्रात ‘इन-स्पेस’ने १ कोटीपर्यंतचा बीजनिधी दिला, मग ५०० कोटींचा तंत्रज्ञान अंगीकार निधी आणला, वर १,००० कोटींचा साहस भांडवल निधी मंजूर झाला. २०२५ च्या जुलैत तर केंद्राने संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण अटी वाचल्या की दिवा मंद होतो. लाख कोटींच्या योजनेत चौथ्या आणि त्यापुढच्या पायरीवरच्या तंत्रज्ञानालाच प्रवेश. पायऱ्यांची ही नऊ अंकी मोजपट्टी मूळची नासाची. चौथी पायरी म्हणजे वस्तू प्रयोगशाळेत चालते हे आधीच सिद्ध झालेले. आणि मिळते ते कमी व्याजाचे कर्ज किंवा भागभांडवल. ड्रोनसाठीची १२० कोटींची उत्पादननिगडित प्रोत्साहन योजना घ्या. लहान कंपनीचीही ड्रोनमध्ये वर्षाला २ कोटींची आणि सुट्या भागांत ५० लाखांची उलाढाल असेल तरच ती पात्र ठरत होती. म्हणजे ज्याचा माल आधीच विकला जातोय त्याला बक्षीस. पहिल्या तीन पायऱ्या ज्याने त्याने आपापल्या घरच्या पैशावर चढायच्या.

घरच्या पैशावर चढणे कसे असते, ते कॅप्टन अमोल यादव यांच्याकडे बघून कळते. मूळचे सातारा जिल्ह्यातले हे वैमानिक. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांना दिसले. नोंदणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर २०१७ च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते नोंदवले. आणि २०१८ मध्ये बातमी आली: पालघरला विमान कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार! २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर विमानाने उड्डाणचाचणी दिली, ती मात्र अशा कुठल्याही हजार कोटींच्या जोरावर नव्हे. गच्चीवर काम चालू असताना, मधल्या पाच-सहा वर्षांत, सरकारने टप्प्याटप्प्याने पन्नास लाख दिले असते आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी केली असती, तर विमान कुठे चुकते आणि कुठे बरोबर आहे हे सगळ्यांनाच लवकर कळले असते. आपल्याला शून्य आणि पस्तीस हजार कोटी या दोनच रकमा ठाऊक आहेत. चौपाटीवर तळपद्यांनी १८९५ मध्ये विमान उडवल्याची दंतकथा अभिमानाने सांगणारा महाराष्ट्र गच्चीवरच्या जिवंत माणसाला पहिल्या टप्प्याचा चेक देऊ शकत नाही, हे मला जास्त बोचते.

दुसरे उदाहरण सुखाचे आहे. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ काढली. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात उडालेले ते यंत्र त्यांचेच. पण कंपनी तरली ती चित्रपटावर नाही. संस्थेच्या नवउद्योग केंद्राचा आधार मिळाला, संरक्षण संशोधन संस्थेबरोबर ‘नेत्र’ हा ड्रोन झाला, आणि २०२१ मध्ये सैन्याकडून सुमारे २ कोटी डॉलरची मागणी आली. २०२३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. सोळा वर्षे! आधी आसरा, मग बरोबरीने काम करणारा सरकारी विभाग, मग गिऱ्हाईक, हा क्रम लक्षात ठेवावा. तो क्रम पवईच्या तलावाकाठी जमला, कारण तिथे सगळे हाकेच्या अंतरावर होते.

आणि इथेच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप येतो. अर्थशास्त्रज्ञ जॉश लर्नर यांनी १९९९ मध्ये अमेरिकी योजनेचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. अनुदान मिळालेल्या कंपन्या इतरांपेक्षा वेगाने वाढल्या, हे खरे. पण हा फायदा जवळजवळ सगळा, जिथे साहस भांडवल आधीच खेळते आहे अशा पिन कोडांत दिसला. म्हणजे ओसाड जागी पैसा टाकून पीक येत नाही. मग परभणीत पैसा टाकावा कशाला? पुण्याला, मुंबईला टाका, तिथे वाढेल.

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण लर्नर ज्याची वाढ मोजत होते ती रोजगाराची आणि विक्रीची. परभणीच्या कपाशीचा प्रश्न पुण्यात सुटत असता तर इतक्या वर्षांत सुटला असता. आणि कुठलीच जागा जन्मतः सुपीक नसते. मराठवाड्याला कृषी विद्यापीठ मिळाले ते १८ मे १९७२ ला, तेही लोकांनी रेटा लावल्यावर. त्या वेळीही राहुरी-अकोल्यात आहे ते पुरे, असे म्हणता आलेच असते.

आमच्या भागात मागासलेपणाचा हिशेब अनुशेषाच्या भाषेत होतो. १९८४ मध्ये दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, शिक्षण यांचा जिल्हावार अनुशेष काढला. २०१३ मध्ये केळकर समितीने पुन्हा असमतोल मोजला. किती किलोमीटर रस्ता कमी, किती हेक्टर ओलीत कमी, हे आम्हाला तोंडपाठ. शोधाचा अनुशेष मात्र आमच्या मागणीपत्रांतही नसतो. २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमान उडाले, त्यावर कोट्यवधी खर्च झाले. विमान आणले, उडवले, परत गेले. त्या खर्चाच्या काही टक्क्यांत मराठवाड्यातल्या दोन-चार चमूंना ढगाची मोजणी करायला लावले असते, तर पुढच्या दुष्काळात आपल्याजवळ आपले आकडे असते.

आकडे कुणाचे, हा प्रश्न परभणीकरांना नवा नाही. २०१८ मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी पीकविम्यावर बोलताना उदाहरण घेतले ते याच जिल्ह्यातल्या सोयाबीनचे: त्यांच्या हिशेबाने विमा कंपनीकडे एकूण १७३ कोटींचा हप्ता गेला आणि भरपाई आली ३० कोटींची. भरपाई ठरते महसूल मंडळातल्या मोजक्या पीक कापणी प्रयोगांवर. आता त्याला उपग्रहाच्या माहितीवरून काढलेल्या उत्पादनाची जोड दिली जात आहे. उपग्रह इस्रोचा किंवा युरोपचा, गणित कुठल्या तरी शहरातल्या कंपनीचे, आणि पैसे कापले जातात पालम-सोनपेठच्या शेतकऱ्याचे. पाण्यात पिवळे पडलेले सोयाबीन आणि पक्व होऊन पिवळे झालेले सोयाबीन वरून वेगळे ओळखता येते का, हे तपासायला इथल्या वावरात उभे राहून हजारो नोंदी घ्याव्या लागतात. विद्यापीठातल्या पदव्युत्तर मुलांनी चार-पाच जणांची कंपनी काढून हे काम करावे, असा विषय आहे. त्यांना दहा लाख कोण देणार?

दुसरा आक्षेप घरचा आहे: पैसा आला की गुत्तेदार आला. जो रस्त्याचे काम घेतो तोच उद्या भाच्याच्या नावाने ड्रोन संशोधनाची कंपनी काढेल. काढेलच. अमेरिकेतही अनुदानावर अनुदान घेत जगणाऱ्या, बाजाराचे तोंड न पाहिलेल्या कंपन्या आहेतच. यावर लहान रक्कम हाच पहिला बंदोबस्त. दहा लाखांत गुत्तेदाराचे पोट भरत नाही. दुसरा बंदोबस्त म्हणजे अर्ज तपासणारे जिल्ह्याबाहेरचे असावेत, आणि चाचणी उघड्यावर, शेतकऱ्यांसमोर व्हावी.

पैशाचा बाऊ करू नये. नमो ड्रोन दीदी योजनेची तरतूद १,२६१ कोटींची. तिचा एक टक्का म्हणजे १२ कोटी ६१ लाख. दहा-दहा लाखांचे सव्वाशे प्रयोग. त्यातले शंभर फसले तरी पंचवीस उरतात. राज्य सरकार स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ नवउद्योगांना १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देत आले आहे, म्हणजे सरकारने पहिले गिऱ्हाईक व्हावे हे तत्त्व मंत्रालयाला मान्य आहे. ते शेतीच्या हवाई तंत्रज्ञानाला आणि जिल्ह्याच्या पातळीला लावायचे आहे, इतकेच. विषय कुणी ठरवायचे? अर्धे विद्यापीठाने आणि शेतकऱ्यांनी, अर्धे खुले सोडावेत. कारण अमेरिकी हवाई दलाच्या अनुभवात ‘तुम्हीच सांगा काय कराल’ असे विचारलेल्या स्पर्धा ठरावीक विषयांच्या स्पर्धांपेक्षा सरस ठरल्या. विद्यापीठाचे खरीप आणि रब्बीचे मेळावे भरतात, १८ मे आणि १७ सप्टेंबरला, बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. प्रश्नांची यादी लावायला त्याहून चांगली भिंत नाही.

जागेचीही अडचण नाही. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी एक मोठी सवलत दिली आहे: शासकीय शिक्षणसंस्था, मान्यताप्राप्त नवउद्योग, इतकेच काय, जीएसटी क्रमांक असलेला ड्रोन उत्पादकही हरित क्षेत्रात, आपल्या ताब्यातल्या जागेत, संशोधनासाठी प्रकार प्रमाणपत्र आणि वैमानिक परवान्याशिवाय ड्रोन उडवू शकतो. विमानतळ नसल्याचे आम्ही रडगाणे गातो, पण त्यामुळेच जिल्ह्याचे बहुतेक आकाश चारशे फुटांपर्यंत मोकळे आहे. मुंबईच्या कंपनीला चाचणीसाठी जागा शोधत शहराबाहेर जावे लागते; विद्यापीठाकडे जमीन आहे, त्यावर कपाशी, सोयाबीन, तूर, ज्वारी उभी आहे. बाहेरच्यांना ती भाड्याने द्यावी, जिल्ह्यातल्यांना फुकट.

खरी गाठ आहे ती लेखापरीक्षणाची. सरकारी अनुदान घेतले की शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते: पैसा ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला लागला, आणि ठरलेले उद्दिष्ट गाठले. नोझलचे चारही नमुने फसले, तर उद्दिष्ट गाठले असे कोण लिहून देईल? अधिकारी घाबरतो, आणि त्याचे घाबरणे चुकीचे नाही. आक्षेप निघाला तर पेन्शन अडकते ती त्याची. म्हणून तो सुरक्षित वाट धरतो आणि तयार यंत्राच्या खरेदीला अनुदान देतो, कारण यंत्र शेडमध्ये उभे असले की फोटो काढता येतो. ही भीती भाषणांनी जाणार नाही. शासन निर्णयात एक कलम लागेल: पहिल्या टप्प्यात उद्दिष्ट म्हणजे चाचणी पूर्ण करणे आणि तिच्या नोंदी, बिघडलेल्या नमुन्यांसह, विद्यापीठाकडे जमा करणे, निष्कर्ष नकारार्थी निघाला तरी उद्दिष्ट पूर्ण झाले असे धरावे. त्या नोंदी पुढच्या अर्जदाराला वाचायला खुल्या असाव्यात, म्हणजे तोच नोझल तोच चुकीचा कोन घेऊन दुसऱ्या वर्षी पुन्हा दहा लाख मागायला येणार नाही. कलमाचा मसुदा वित्त विभागाकडून मंजूर करून घ्यायला जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांपैकी एकाने अधिवेशनाचा एक दिवस खर्ची घातला, तरी सुरुवातीला पुरे आहे.